पांढरीची उंची

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या महापुराने परंडा तालुक्यातील नदीकाठच्या वस्त्या वेढल्यावर घरेच पूरपातळीच्या वर उचलावीत काय, हा प्रश्न पुढे येणे स्वाभाविक असले, तरी धाराशिव जिल्ह्याला ही कल्पना परकी नाही. शेती काळीत आणि वस्ती पांढरीवर, ही मराठी गावाची जुनी वाटणी आहे. मातीच्या भिंती पडत, त्याच ढिगावर नवी घरे उभी राहत आणि थरावर थर चढून गावठाणाचे टेकाड होई. तेरणाकाठचे तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथील सातवाहनकालीन अवशेष अशाच टेकाडांतून निघाले. शिकागोत १८६१ साली ट्रेमाँट हाउस हे हॉटेल स्क्रू-जॅकांनी सहा फूट उचलले गेले. पांढरीने तेच काम जॅकाविना, पण शतके घेऊन केले.

उंचीचा लाभ गणिताने दिसतो. एका बाजूने साचलेल्या पाण्याचा भिंतीवरील आडवा रेटा खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, भिंतीच्या मीटरभर लांबीवर एक मीटर पाणी सुमारे ५०० किलो वजनाइतका, तर दोन मीटर पाणी सुमारे २,००० किलोइतका रेटा देते.

मात्र घर नुसत्या खांबांवर चढवणे येथे धोक्याचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने उमरगा आणि औसा तालुक्यांत हजारो बळी घेतले, तर २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत तळमजला मोकळा सोडलेल्या अनेक इमारती कोसळल्या. भिंतींचा आधार नसलेल्या अशा लवचीक तळमजल्यास ‘मृदू मजला’ म्हणतात. शिवाय जिल्ह्यात जेथे जेथे पायाखाली काळी माती आहे, तेथे ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पाया हलवते. त्यामुळे मुरमाचा दाबलेला भराव, भक्कम जोते आणि भिंतींना बांधून ठेवणारे काँक्रीटचे आडवे पट्टे, हाच मार्ग येथे अधिक भरवशाचा ठरतो.

राज्याच्या विकास नियमावलीनुसार नदी आणि निळी पूररेषा, म्हणजे अधिक वारंवार येणाऱ्या पुराची हद्द, यांमध्ये नव्या बांधकामास मनाई आहे. तेथील जुन्या अधिकृत घराची पुनर्बांधणी करताना जोते लाल रेषेच्या, म्हणजे शंभर वर्षांत सरासरी एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीच्या, किमान ०.४५ मीटर वर असावे लागते. म्हणून घरमालकाने जॅकवाल्याचा दर विचारण्याआधी पूररेषेच्या नकाशावर आपले घर पाहावे, आणि ते निळ्या रेषेच्या आत आढळल्यास तेथेच उंची वाढवण्यापेक्षा आधी नवी पांढरी शोधावी.