जर्मनीत भौतिकशास्त्रात एमएससी करताना

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसतं, म्हणून आपल्याकडची बरीच मुलं तिकडे वळतात. अपवाद मात्र आहेत. हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७पासून सत्राला १५०० युरो भरावे लागतात. खरा भार राहण्या-जेवणाचा. व्हिसासाठी वर्षभराची रक्कम ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये आधीच ठेवावी लागते; २०२४मध्ये ती ११,९०४ युरो झाली. भारतीय पदवीची ‘एपीएस’ या जर्मन केंद्राकडून पडताळणीही लागते. ती लवकर उरकलेली बरी.

अभ्यासक्रम साधारण चार सत्रांचा, १२० क्रेडिटचा. शिकण्याचा गाभा मला व्याख्यानांपेक्षा दर आठवड्याच्या गणितांच्या कागदात दिसतो. क्वांटम मेकॅनिक्सचं एकच गणित कधी चार पानं खातं. दोघातिघांनी मिळून डोकं लावायचं, उत्तरं जमा करायची आणि छोट्या वर्गात फळ्यावर सोडवून दाखवायची. ठरावीक गुण जमले नाहीत, तर अनेक ठिकाणी परीक्षेलाच बसू देत नाहीत. परीक्षाही बऱ्याचदा तोंडी असते: समोर प्राध्यापक, मध्ये कोरा कागद आणि ‘हे समीकरण कुठून आलं?’ असा प्रश्न. केवळ पाठांतरावर पदवी मिळवलेल्यांची इथे दमछाक होते. गुणांकनही उलटं: १.० सर्वोत्तम, ४.० जेमतेम पास.

दुसरं वर्ष बहुतांशी संशोधनाचं, त्यातले सहाएक महिने ते वर्षभर प्रबंधाचे. म्हणून विद्यापीठ निवडताना क्रमवारीपेक्षा तिथले संशोधनगट पाहावेत आणि अर्जाआधी त्यांचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध वाचावेत.