व्हेलच्या दाताची ओळख

भंडारा जिल्ह्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगेनीज सौसर शैलसमूहाच्या ज्या रूपांतरित खडकांत मिळते, ते खडक दात असलेला कोणताही प्राणी पृथ्वीवर अवतरण्यापूर्वी कित्येक कोटी वर्षे घडलेले असल्याने त्यांत व्हेलचा दात सापडणे शक्य नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनोसॉरचे अवशेष मिळतात खरे, परंतु तेही व्हेलच्या उदयाआधीचे आहेत. भारतात आद्य व्हेलचे अवशेष मिळाले ते कच्छमध्ये आणि हिमालयाच्या पायथ्याशी.

दातावरचे कवच, म्हणजे दंतवल्क, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असल्यामुळे हाडे झिजून गेली तरी दात टिकतो. आजच्या डॉल्फिनचे सर्व दात बहुतांशी एकसारखे, शंकूच्या आकाराचे असतात. याउलट आद्य व्हेलच्या जबड्यात पुढे टोकदार दात, तर मागे अनेक उंचवट्यांच्या, एकाहून अधिक मुळांच्या दाढा असत. अशी दाढ हाती आली, तर ती सस्तन प्राण्याची हे लगेच समजते. खरी अडचण सुट्या शंकूची, कारण मगरीचा दातही तसाच दिसतो. तो उलटा करून पाहावा: मगरीचे दात आयुष्यभर बदलत राहतात आणि नवा दात जुन्याच्या तळाशी उगवतो, त्यामुळे गळून पडलेला दात बुडाशी पोकळ असतो, पूर्ण वाढलेल्या व्हेलच्या दाताला मात्र भरीव, लांब मूळ असते आणि तो उभा कापल्यास आतील दंतिनात, झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे, वाढीचे थर दिसतात. अर्थात, कोवळ्या व्हेलच्या दाताचे मूळही उघडे असते, म्हणून केवळ पोकळीवर निर्णय देणे धोक्याचे आहे.

आकाराने सुटत नाही ते रसायनाने सुटते. सुनील बाजपेयी आणि फिलिप जिंजरिच यांनी 1998 मध्ये हिमाचल प्रदेशातील सुबाथू थरांतून ‘हिमालयासिटस’ या आद्य व्हेलचे वर्णन केले, तेव्हा त्यांच्यासमोर खालच्या जबड्याचा तुकडा आणि त्यातील दोन दाढा एवढेच होते. समुद्राच्या पाण्यात जड ऑक्सिजनचे प्रमाण नदीच्या पाण्यापेक्षा अधिक असते आणि त्याची खूण दंतवल्कात राहते. तिच्यावरून हा प्राणी काही काळ तरी समुद्रात अन्न शोधत असावा, असे त्यांनी मांडले. त्याचे वय, सुमारे 5.35 कोटी वर्षे, ठरवले गेले ते मात्र दातावरून नव्हे, तर तेथील थरांतील सूक्ष्म सागरी जीवांच्या आधारे, आणि त्या वयाविषयी पुढे मतभेदही झाले.

वय असे थरावरून कळते, म्हणूनच वैनगंगेच्या गाळात एखाद्या जमिनीवरील प्राण्याचा जुना दात दिसला, तरी तो उपटून घरी नेऊ नये. तो थरासह छायाचित्रात टिपावा, जागा नोंदवावी आणि नागपूर येथील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयास कळवावे.