उचल, कोयता आणि बागाईतदाराचे कर्तव्य

सन १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले, पुढे उजनी धरण झाले, आणि बारामतीपासून डाळजपर्यंतच्या बागाईतदारास ऊस हे हुकमी पीक लाभले. परंतु पाणी, बेणे व खत यांचा हिशेब चोख ठेवणारा शेतकरी, ज्या हातांनी आपला ऊस तुटतो त्यांचा हिशेब क्वचितच विचारतो. तो विचारणे अगत्याचे आहे.

हे मजूर बहुतांशी बीड, अहिल्यानगर इत्यादी जिल्ह्यांच्या जिरायती भागांतून येतात. हंगामापूर्वी मुकादम त्यांस उचल देतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. तोडणे, मोळ्या बांधणे व गाडी भरणे या कामाची मजुरी टनावर ठरते आणि उचलीत वळती होते. जानेवारी २०२४ मध्ये हा दर टनास २७३ रुपयांवरून ३६६ रुपये ठरला. तथापि खाडा पडल्यास दंड होतो, आणि उचल न फिटल्यास बाकी पुढील सालावर चढते.

यात स्त्रीची हानी सर्वांत अधिक. बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दुखणे आले तरी खाडा परवडत नाही, अशा स्थितीचा हा परिणाम कोणाही विचारी मनुष्यास अस्वस्थ करील.

कित्येक मुकादम उचल घेऊन पसार होतात, काही टोळ्या शेतकऱ्याकडे वरकड पैसे मागतात, ही आपली तक्रार खोटी नाही. तिची दाद कायद्याने मागावी. मात्र पैशासाठी माणसास, त्याच्या बायकामुलांस अडकवून ठेवणे हा गुन्हाच होय. राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली. १९७६ च्या कायद्याने वेठीस बांधणारे कर्जच रद्द ठरविले. किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणे हीही वेठच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिला.

कोणी म्हणेल, हा व्यवहार कारखाना व मुकादम यांचा. आमचा संबंध काय? पण तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच उसाच्या बिलातून वजा होतो. पैसा आपला, तर जबाबदारीही काही अंशी आपलीच.

म्हणून सहकारी कारखान्याच्या सभासदांनी वार्षिक सभेत पुढील गोष्टी आग्रहाने मागाव्यात: उचलीचा व वजनाचा लेखी हिशेब प्रत्येक कोयत्यास मिळावा, स्त्रीची मजुरी तिच्या नावे जमा व्हावी, कोप्यांपाशी पिण्याचे पाणी, दिवा व शौचकूप असावे, मुलांच्या शिक्षणाची सोय व्हावी, आजारी व गरोदर स्त्रीस दंडाविना विश्रांती मिळावी. २०१९ साली स्थापन झालेल्या गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजनांची माहितीही मजुरांस द्यावी.

आपल्या फडात तहानलेल्यास पाणी देण्यास तर कोणत्याही ठरावाची गरज नाही. उसाला रास्त भाव मागणाऱ्याने श्रमालाही रास्त भाव द्यावा, हाच न्याय होय.