गर्भिणी अवस्थेत आर्द्रक व शुंठी : मात्रा आणि मर्यादा

पहिल्या तीन महिन्यांत मळमळ व वांतीने त्रस्त झालेल्या गर्भिणीस काही घरांत आल्याचा रस वारंवार चाटवला जातो, तर काही घरांत ‘आले उष्ण’ म्हणून चहातील आलेही बंद केले जाते. या दोन्ही टोकांचे उत्तर द्रव्याच्या नावात नसून त्याचे स्वरूप, मात्रा आणि रुग्णेची अवस्था यांत आहे.

शुंठी कटु रसाची व उष्ण वीर्याची असली तरी मधुर विपाकी, लघु व स्निग्ध आहे. आर्द्रक गुरू, रूक्ष व तीक्ष्ण आहे. रक्तपित्त, दाह, मूत्रकृच्छ्र व पांडू या विकारांत, तसेच ग्रीष्म व शरद ऋतूंत भावप्रकाशाने आर्द्रक प्रशस्त मानलेले नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात तीक्ष्ण व उष्ण पदार्थांचे अतिमात्र सेवन गर्भोपघातकर सांगितले आहे. येथे निषेध अतिमात्रेचा आहे, हे ध्यानी घ्यावे.

आधुनिक अभ्यास याच दिशेने निर्देश करतात. २००१ साली थायलंडमध्ये ७० गर्भवतींवर झालेल्या अभ्यासात रोज १ ग्रॅम आल्याचे चूर्ण विभागून चार दिवस दिले असता मळमळ व वांती कमी झाली. २०१३ साली नॉर्वेतील ६८,५२२ स्त्रियांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी आले घेणाऱ्या १,०२० स्त्रियांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. तथापि चार दिवसांच्या प्रयोगावरून नऊ महिन्यांच्या सेवनाची ग्वाही देता येत नाही.

व्यवहारात शुंठीचूर्ण २५० मि.ग्रॅ. दिवसातून तीन ते चार वेळा, एकूण १ ग्रॅमपर्यंत, थोडे दिवस द्यावे. ताज्या आल्यात सुमारे ८० टक्के पाणी असल्याने १ ग्रॅम सुंठ म्हणजे साधारण ५ ग्रॅम आले होय. चहा, आलेपाक व चूर्ण यांची बेरीज रुग्णेस विचारून करावी. आम्लपित्त वा दाह वाढल्यास औषध थांबवावे. योनिगत रक्तस्राव, पूर्वीचे गर्भस्राव, पित्ताश्मरी, रक्त पातळ करणारी औषधे किंवा अल्पमात्रेतील अॅस्पिरिन चालू असल्यास औषधी मात्रा देऊ नये. आहारातील आल्याविषयीही प्रसूतितज्ज्ञांशी विचारविनिमय करावा. पाणीही न टिकणे, लघवी अत्यल्प होणे, वजन घटणे ही लक्षणे दिसताच रुग्णालयात पाठवावे. तेथे आल्यावर विसंबून कालहरण करणे घातक ठरते.

औषधी दुकानदारांनी आणखी एक भेद सांभाळावा. सौभाग्यशुंठी व सुंठवडा हे सूतिकेसाठी आहेत, गर्भिणीसाठी नव्हेत. रामनवमीस जन्मोत्सवानंतर सुंठवडा वाटण्याच्या प्रथेतही प्रसूतीनंतरचा हा क्रम दिसतो. त्रिकटूमध्ये मिरे व पिंपळी असल्याने ते शुंठीचा पर्याय म्हणून देऊ नये. ‘चमचाभर’ असे तोंडी न सांगता चूर्ण मोजून, पुड्या बांधून, दिवसांची मर्यादा लिहून द्यावी.

तेलाने काठोकाठ भरलेले पात्र न हिंदकळता न्यावे तसे गर्भिणीस जपावे, हा चरकाचार्यांचा दृष्टांत आहे. स्वयंपाकघरातील द्रव्य औषध म्हणून देतानाही तीच दक्षता वैद्याने बाळगावी.