डीसीला थांबवायचं कसं?

बऱ्हाणपूरहून मुंबईला निघालेल्या गाडीचं इंजिन पूर्वी इगतपुरीला बदलावं लागे. भुसावळकडच्या तारेत २५ हजार व्होल्टची एसी, तर इगतपुरीपुढे घाटात १५०० व्होल्टची डीसी. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर आलेली ही डीसी आता गेली आहे. पण गेली ती तारेतून. बऱ्हाणपूर स्थानकातून धडधडत जाणाऱ्या इंजिनाच्या पोटात आजही एसीची आधी डीसीच केली जाते.

एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्या क्षणी तो तोडता येतो. डीसी शून्यावर येतच नाही. स्विच उघडला तरी फटीत ठिणगीचा झोत पेटतो आणि प्रवाह चालूच राहू पाहतो. विजेवर ताबा मिळवण्याच्या शतकभराच्या खटपटीचं मूळ मला या अडचणीत दिसतं.

१९५९ पासून आलेल्या डब्ल्यूएएम-१ इंजिनांत एसीची डीसी करायला पाऱ्याचे इग्निट्रॉन होते. पाऱ्याची वाफ प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देई. पुढे सिलिकॉन डायोड आले आणि पारा गेला. मग थायरिस्टर आला. त्याच्या गेटला छोटासा इशारा दिला की प्रवाह सुरू होतो, पण बंद करणं गेटच्या हाती नसतं. चंद्रपूर ते पडघे या ७५२ किलोमीटरच्या, ±५०० किलोव्होल्टच्या आणि १५०० मेगावॉटच्या डीसी वाहिनीवर हे खपून जातं, कारण तिथे दोन्ही टोकांची एसी यंत्रणाच थायरिस्टरला वेळेवर बंद करते. इंजिनात मात्र डीसीपासून मोटारींसाठी तीन फेजची वीज नव्याने घडवायची असते आणि तिथे मदतीला अशी एसी नसते. म्हणून गेटनेच बंद होणारा थायरिस्टर, म्हणजे जीटीओ, मला या साऱ्या प्रवासातला सर्वांत मोठा टप्पा वाटतो. त्याला बंद करायला गेटमधून भला मोठा उलटा प्रवाह ओढावा लागे. नंतरच्या आयजीबीटीला फक्त गेटचा व्होल्टेज पुरतो. ब्रेक लावताना मोटारी वीज तयार करतात, ती तारेत परत पाठवणंही याच उपकरणांमुळे जमतं.

छोट्या व्होल्टेजने प्रवाह आवरण्याची ही कामगिरी सिलिकॉनच्या आधी निर्वात नळीने केली होती. तापलेल्या कॅथोडमधून सुटलेले इलेक्ट्रॉन ग्रिडवरच्या किंचित ऋण व्होल्टेजने अडवता येतात. क्लायस्ट्रॉन हा अशा नळीचाच एक प्रकार त्यांना अडवत नाही. काहींचा वेग वाढवतो, काहींचा घटवतो. मागचे पुढच्यांना गाठतात, झोताचे पुंजके होतात आणि त्यांतून जबर रेडिओशक्ती मिळते.

बऱ्हाणपूरपासून दोनशे किलोमीटरच्या आत, इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, प्रवाह आवरण्याची आणि इलेक्ट्रॉनांचा झोत हाकण्याची, या दोन्ही विद्या एका छताखाली भेटतात. तिथल्या इंडस-२ या इलेक्ट्रॉन-त्वरकात १७२.५ मीटर परिघाच्या कड्यात २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचा झोत फिरतो. त्याला वळवणाऱ्या चुंबकांना अत्यंत स्थिर डीसी लागते. ती जराशी ढळली तरी झोताची वाट बदलते. झोताला ऊर्जा देणारी रेडिओशक्ती आधी क्लायस्ट्रॉनमधून येई. केंद्रातल्या अभियंत्यांनी त्यासाठी ट्रान्झिस्टरचे प्रवर्धक स्वतः घडवले आणि क्लायस्ट्रॉनची जागा त्यांना दिली.