कूलर गेला, एसी आला, हवेचं काय?

आमच्या मोहगावात पूर्वी दुकान म्हटलं की समोरून सताड उघडं. उन्हाळ्यात फार तर मागच्या खिडकीला कूलर. आता सौंसर, पांढुर्णा, मोहगाव, कुठेही जा. कपड्याचं दुकान, बँक, कोचिंग क्लास, सगळीकडे काचेचं दार आणि भिंतीवर स्प्लिट एसी. ते बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम मी करतो. म्हणूनच एक गोष्ट ग्राहकांना नेहमी सांगतो: एसी हवा थंड करतो, ताजी करत नाही.

कूलर बाहेरची हवा ओल्या खसमधून ओढून आत ढकलतो. समोरची खिडकी उघडी नसेल तर खोली चिपचिपी होते, म्हणून माणूस ती आपोआप उघडतो. स्प्लिट एसीचं तसं नाही. बाहेरचं युनिट हवा आत आणतं असं पुष्कळांना वाटतं. पण पाइपातून जातो तो गॅस. तो आतली उष्णता बाहेर नेऊन टाकतो. आत फिरते ती तीच ती हवा, सर्वांनी श्वासातून सोडलेली.

ही हवा किती शिळी झाली, हे नाकाला नीट कळत नाही. आत बसलेल्याला वासाची सवय होते. म्हणून मोजावं लागतं, आणि मोजायला सर्वांत सोपा वायू म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड. मोकळ्या हवेत त्याचं प्रमाण सुमारे 420 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग. म्युनिकच्या मॅक्स फॉन पेटेनकोफर यांनी 1858 मध्येच सांगितलं होतं की खोलीत हे प्रमाण 1000 च्या वर जाऊ देऊ नये. त्या पातळीला हा वायू विषारी नसतो. पण तो साठला याचा अर्थ श्वासातून निघालेलं बाकी सगळंही साठलं. कोणाला क्षय किंवा फ्लू असेल, तर त्याचे जंतूही त्याच हवेत तरंगत राहतात.

कोचिंग क्लासचा हिशेब करून पाहा. खोली वीस फूट बाय पंधरा, उंची दहा फूट. म्हणजे सुमारे 85 हजार लिटर हवा. आत तीस मुलं. बसलेला मोठा माणूस तासाला साधारण 18 लिटर कार्बन डाय-ऑक्साइड सोडतो. मुलांसाठीही तोच आकडा धरला आणि खोली पूर्ण बंद असेल तर पाच-सहा मिनिटांतच हजाराचा आकडा ओलांडला जातो. फटींमुळे प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ लागतो, पण तास संपेपर्यंत हवा कोंदट झालेलीच असते. अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी 24 जणांना वेगवेगळ्या हवेत कामाला बसवून 2015 मध्ये निष्कर्ष छापले. हवा जितकी कोंदट, तितकी निर्णय घेण्याच्या चाचणीतली कामगिरी घसरली. मुलगा दुपारच्या वर्गात पेंगतो, तेव्हा त्याला आळशी म्हणण्याआधी खिडकीकडे बघा.

कार्बन डाय-ऑक्साइड मोजणारा मीटर घेताना त्यात ‘एनडीआयआर’ सेन्सर आहे का, हे विचारा. हा सेन्सर इन्फ्रारेड प्रकाशाने खरोखर कार्बन डाय-ऑक्साइड मोजतो. काही स्वस्त यंत्रं इतर वायूंवरून नुसता अंदाज दाखवतात. घेतल्यावर मोकळ्या अंगणात ठेवून पाहा, आकडा 400 ते 450 च्या आसपास यायला हवा. दुकानात मीटर बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला लावा. दाराजवळ, एसीच्या झोतात किंवा कोणाच्या तोंडासमोर नको.

आकडा चढला की खिडकी उघडा. खिडकी नसेल तर एका बाजूला एक्झॉस्ट फॅन आणि समोरच्या बाजूला हवा आत यायला जागा करा. नुसता एक्झॉस्ट लावून बाकी सगळं बंद ठेवलं तर तो ओढणार कुठून? मात्र बाहेर धूळ किंवा कचऱ्याचा धूर असेल तर बारीक कणांचा, म्हणजे पीएम 2.5 चा आकडाही पाहावा लागतो. तो मोजणारा लेझर सेन्सर कूलरच्या तुषारांनाही धूळ समजतो, म्हणून कूलरजवळ ठेवू नये. आणि जनरेटर दाराजवळ असेल तर तो आधी दूर हलवा. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो आणि तो या मीटरवर दिसत नाही.

आता नियमांचं पाहू. आमचा पट्टा कापसाचा. जिनिंगमध्ये उडणाऱ्या रुईच्या धुळीने फुप्फुसाचा बिसिनोसिस हा रोग होतो. म्हणून 1948 च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात कच्च्या कापसाच्या धुळीची मर्यादा घनमीटरला 0.2 मिलिग्रॅम अशी आली होती. मोकळ्या हवेसाठी 2009 ची राष्ट्रीय मानकं आहेत. दुकान, बँक, क्लास यांच्या आतल्या हवेला मात्र तसं सक्तीचं मानक नाही. ‘इशरे’ या एसी अभियंत्यांच्या संस्थेचं मानक ऐच्छिक आहे. हे बदललं पाहिजे.

पण कायद्याची वाट पाहत बसू नका. दुकानदारांनो, क्लासवाल्यांनो, भिंतीवर मीटर लावा, दिवसातून दोनदा आकडा वहीत लिहा आणि हजार ओलांडला की खिडकी कोणी उघडायची, त्या माणसाचं नाव ठरवा. नाव ठरलं नाही तर मीटर नुसता भिंतीवर टांगलेला राहतो. आणि पालकांनो, क्लासची फी विचारता तसा वर्गातल्या हवेचा आकडाही विचारा.