जुन्या गाडीचे होज पाईप : फुटण्याआधी बदला

उन्हाळ्यात नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा, अहमदपूरच्या दरम्यान बोनेटमधून वाफ निघणारी एखादी जुनी गाडी उभी दिसतेच. पुष्कळदा दोष इंजिनाचा नसतो, रेडिएटरचा रबरी पाईप फुटलेला असतो. ॲम्बॅसेडर आणि मारुती ८०० या दोन्हींचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. पण अशा गाड्यांवर अजूनही अनेकांचा धंदा चालतो. म्हणून व्यापारी बांधवांनी व गॅरेज चालविणाऱ्या कारागिरांनी या पाईपांकडे लक्ष द्यावे.

रेडिएटरचा वरचा पाईप इंजिनातील गरम पाणी रेडिएटरकडे नेतो, खालचा थंड झालेले पाणी पंपाकडे आणतो. उष्णता आणि दाब यांमुळे रबर बहुधा आतून चिरत जाते, म्हणून वरून पाईप चांगला दिसला तरी भरवसा ठेवू नये. इंजिन थंड असताना पाईप हाताने दाबून पाहावा. क्लिपजवळ तो लिबलिबीत लागला, लाकडासारखा कडक झाला, फुगला किंवा ऑइलने चिकट झाला असेल तर लगेच बदलावा. काही गाड्यांच्या खालच्या पाईपात स्प्रिंग असते. ती गंजून तुटली तर पंपाच्या ओढीने पाईप चपटा होतो आणि गाडी वेगात असतानाच तापते.

बदलताना जुना पाईप पिळून ओढू नये, रेडिएटरचे तोंड वाकते किंवा तुटते. ब्लेडने उभा चिरून काढावा. तोंड पॉलिश पेपरने साफ करावे. नवा पाईप बसविताना ग्रीस किंवा ऑइल लावू नये, रबर खराब होते. साबणाचे पाणी पुरे. क्लिप तोंडावरील उंचवट्याच्या मागे बसवावी आणि इंजिन एकदा तापून निवल्यावर पुन्हा आवळावी.

आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते. त्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतो आणि इंजिन जास्त तापू लागते. म्हणून डिस्टिल्ड वॉटर व कुलंट वापरावे. काढलेले कुलंट उघड्यावर ओतू नये. ते गोडसर पण विषारी असते, जनावरे पितात.

पेट्रोलच्या पाईपाचीही तपासणी करावी. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनविलेले नव्हते. ते फुगते, चिरते आणि गळती लागली तर आग लागू शकते. पेट्रोलच्या जागी पाण्याचा पाईप कधीही लावू नये. इथेनॉल सहन करणारा इंधनाचाच पाईप दुकानदाराकडे मागावा.

रस्त्यात पाईप फुटलाच तर गाडी ताबडतोब बंद करावी. पाणी संपल्यावर काटाही खरे तापमान दाखवीलच असे नाही. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, उकळते पाणी अंगावर येते. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो.

पाईपाचा खर्च शंभरांत असतो, हेड गॅस्केट गेले तर तो हजारांत जातो आणि बाजाराचा दिवसही बुडतो. मार्च लागण्यापूर्वी एकदा बोनेट उघडून हात फिरवावा. साधारण चार वर्षे झालेला पाईप फुटण्याची वाट न पाहता बदलून टाकावा.